आर्थिंगचं पाणी

६ डिसेंबर १९९७

पॉलिटेक्निक सोडून दोन महिने झाले. सरांनी माझं जर्नल सगळ्या वर्गासमोर फेकलं, मी त्यांची हजेरीची वही खिडकीतून फेकली. फिटंफाट झाली असती, पण प्राचार्य म्हणाले, माफी माग. मी बॅग उचलली आणि नारायणगावची एसटी धरली. इलेक्ट्रिकलचं दुसरं वर्ष अर्ध्यावर राहिलं. आई-दादांना अजून वाटतं की मी जानेवारीत परत जाईन. मी जाणार नाही.

आजपासून धंदा सुरू. पिंपळवंडीत घरोघर जाऊन लोकांचं विजेचं बिल कमी करून द्यायचं. जेवढं कमी होईल त्याचा चौथा हिस्सा माझा. दादा म्हणाले, "आधी आपल्या घरातला बल्ब फडफडतोय तो बघ." बघितला नाही. रागात होतो.

पहिलं गिऱ्हाईक हौशीराम. येडगाव रस्त्याला त्यांचा मळा आहे. मूळचे आणे गावचे, त्यामुळे भावकीचा प्रश्न येत नाही. हे मी का लिहिलं ते मला माहीत आहे. त्यांची आरती यंदा बारावीला आहे. धंदा मला इतर दहा प्रकारचे सुचले होते, पण कुठलाच धंदा तिच्या घरात जात नव्हता.

९ डिसेंबर

हौशीरामांना, म्हणजे आरतीच्या आप्पांना, मी मुद्दाम मामा म्हणतो आणि साळुबाईंना मामी. आरती मात्र मला भरतभाऊ म्हणते. गावात सगळ्यांनाच म्हणते, त्याला काही अर्थ नसतो.

म्हटलं, "मामा, घरातलं सगळं बंद करा."

"सगळं म्हंजी? बातम्या लागल्यात."

"टीव्ही पण."

"मंग बिल कमी व्हणारच की. त्याला शिकायला कशाला पायजे?"

सगळं बंद केलं आणि मीटरसमोर उभा राहिलो. आतली चकती थांबायला हवी होती, ती हळूहळू फिरतच होती. चकतीच्या कडेला लाल खूण असते, ती समोर आली की एक फेरा. मी घड्याळ धरलं, आरतीनं फेरे मोजले. एक, दोन. दोन फेऱ्यांमध्ये बराच वेळ जात होता आणि तेवढा वेळ ती माझ्या खांद्याजवळ श्वास रोखून उभी होती.

मामी ओट्यावरून म्हणाल्या, "अगं बाई, आमी सगळं बंद केल्यावर बी कोण खातंय आमची वीज?"

न्हाणीघराची भिंत खात होती. ओल धरलेल्या भिंतीतून जुनी वायर गेली होती. ती तोडून बाहेरून नवी घेतली, आणि चकती थांबली. आरतीनं टाळी वाजवली. मामा म्हणाले, "बघू बिल आल्याव."

२१ डिसेंबर

दहा दिवस रोज जातोय. गोठ्यात म्हशीसाठी रातभर शंभरचा बल्ब जळायचा, तिथं पंधराचा लावला. स्वयंपाकघराच्या काळ्या भिंतीला चुना दिला आणि वर दोन काचेची कौलं बसवली. आता तिथं दिवसा दिवा लागत नाही. आरती त्या कौलांखाली पाट टाकून अभ्यासाला बसते. उन्हाचा चौकोन तिच्या पुस्तकावर पडतो आणि ती त्याच्याबरोबर सरकत जाते. कौलं मी बसवली, हे तिला वाचताना आठवत असेल का?

मामी मला न विचारता चहात साखर जास्त टाकतात. म्हणाल्या, "भरत, तू रागीट हायेस म्हंत्यात. मला तर न्हाई दिसत."

१४ मार्च १९९८

बिल आलं. तीनशे बाराचं एकशे अठ्ठ्याऐंशी झालं. मी उड्या मारत मळ्यावर गेलो.

मामांनी बिल दोनदा उलटंपालटं केलं. "येवढंच?"

"मामा, निम्म्याजवळ आलं."

"शेजारच्या धर्माजीला चाळीस रुपये आलं. आमी म्हस अंधारात बांधली, बातम्या अर्ध्याच पाह्यल्या. त्याची पोरं दिवसभर पंख्याखाली लोळत्यात. त्याला त्या कुंडलिक वायरमननं कायतरी करून दिलंय."

"ती चोरी हाय."

"कुंडलिक चौथीतून पळाला, तू कालेजातून. त्याला येतं, तुला येत न्हाई, येवढाच फरक." मग दोरीवरचा टॉवेल झटकत म्हणाले, "ओतूरचं एक मास्तर हाय. परीक्षा झाली की बघायला येणार हायेत."

आरती आत होती, तिनं ऐकलं असणार. मी माझा हिस्सा न घेता निघून आलो. सायकलचं मागचं चाक पंक्चर होतं ते घरी पोचल्यावर कळलं.

२ एप्रिल

नारायणगावच्या स्टँडवर कुंडलिकला गाठलं. आधी मी त्याची कॉलर धरली, मग त्यानंच मला चहा पाजला. कुठली तार कुठं करायची ते मी इथं लिहीत नाही. थोडक्यात, वापरलेली वीज तारेनं परत न जाता आर्थिंगच्या पाइपातून जमिनीत जाते आणि मीटरला वाटतं घरात कुणी राहतच नाही.

कुंडलिक म्हणाला, "पाइप आठ फूट तरी खाली जाऊ दे. मीठ, कोळसा भरपूर घाल. आन् राव, बायामाणसं तिकडं फिरकू देऊ नको."

मी म्हटलं, मला शिकवू नको. दोन वर्षं इलेक्ट्रिकल केलंय. दीडच केलं. आर्थिंगचा धडा पुढच्या सहामाहीला होता.

५ एप्रिल

केलं.

खड्डा घराच्या मागं घेतला, गोठा आणि धुण्याचा दगड यांच्या मध्ये. साडेतीन फुटांवर खडक लागला. पहार वाजायला लागली तसे मामा म्हणाले, "हीर खांदतो का काय? बास." मीही दमलो होतो. पाइप तेवढ्यातच उभा केला. वर वीतभर तोंड ठेवलं, पाणी ओतायला.

मीटरपाशी गेलो. घरात टीव्ही, पंखा, तीन बल्ब चालू, आणि चकती उभी. मामांनी मीटरवर चापट मारली, तरी उभी. ते हसले. आजवर ते माझ्याकडं बघून कधी हसले नव्हते. म्हणाले, "मास्तरला सांगतो, पोरगी पुढं शिकणार हाय म्हणून."

आरतीला खरं सांगितलं नाही. ती असल्या गोष्टींत फार सरळ आहे, धर्माजीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही हल्ली. तिला म्हटलं, हे घराच्या सुरक्षेसाठी आहे. त्यात रोज सकाळी सहाला पाणी घालायचं. एक दिवस चुकलं तरी घरात कुणाला तरी करंट बसेल.

"रोज सहालाच?"

"सहालाच."

सहाला मी दुधाचं कॅन घेऊन डेअरीला त्या रस्त्यानं जातो.

१६ एप्रिल

रोज दिसते. परीक्षा संपली तरी पहाटेच उठते. केस नुसते गुंडाळलेले, पायात रबरी चप्पल, हातात प्लास्टिकचा मग. बादलीतून एकेक मग भरून पाइपाच्या तोंडात ओतते. पूजेला बसल्यासारखं मन लावून. मी घंटी वाजवतो, ती मग वर करून दाखवते. आख्खा दिवस मला तेवढं पुरतं.

२९ एप्रिल

मामांचं कौतुक वाटतं. पंधराच्या बल्बसाठी माझ्याशी भांडणारा माणूस, गेल्या आठवड्यात नारायणगावहून विजेची शेगडी घेऊन आला. मोठी, दोन हजार वॅटची. आंघोळीचं पाणी तिच्यावर, गुरांचं आंबोण तिच्यावर. सकाळी दहापासून दुपारपर्यंत लालभडक.

मी म्हटलं, "मामा, येवढं कशाला?"

"मीटर फिरतंय का?"

"न्हाई."

"मंग जळू दे."

मामींची चूल सुटली. धुरानं त्यांचे डोळे सुजायचे, ते उतरलेत. चहा देताना म्हणाल्या, "तुझ्यामुळं, बाबा." मला बरं वाटलं. चोरी चोरी म्हणून मी उगाच मनाला लावून घेत होतो.

८ मे

म्हशीनं नवीन नाटक सुरू केलंय. गोठ्यात मागच्या बाजूला उभीच राहत नाही. दावं ताणून पुढं अंग काढते, दुपारी तर थरथरते. दूध निम्म्यावर आलं. मामींनी मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. धर्माजीच्या बायकोची दृष्ट लागली म्हणे. मामा म्हणतात, गाभण राहिली नाही म्हणून. मी म्हटलं, उन्हाळा आहे. मला गुरांतलं काय कळतंय.

१२ मे

आज आरती आपण होऊन रस्त्यापर्यंत आली. मी सायकलवरून उतरलो तेव्हा कॅन सांडता सांडता राहिलं.

म्हणाली, "भरतभाऊ, काल दुपारी धुणं घेऊन तिथून अनवाणी गेले, तर पायाला मुंग्या आल्या. घोट्यापर्यंत."

मी म्हटलं, "ओल असते तिथं. चप्पल घालत जा."

माझ्यासुद्धा तिच्यासमोर उभं राहिलं की अंगभर मुंग्या येतात, हे सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. ती जुन्नरला टायपिंगची परीक्षा देणार आहे, एकोणीस तारखेला. पहिल्या गाडीनं जाणार. म्हणजे त्या दिवशी दिसणार नाही. आत्तापासूनच वाईट वाटतंय.

२२ मे

साळुमामी गेल्या.

मंगळवारी, एकोणीस तारखेला. अकराच्या सुमाराला मामा सायकल हाणत आमच्या दारात आले. चप्पल नव्हती. मला वाटलं म्हशीला काही झालं. म्हणाले, "तार काढ."

"काय झालं?"

"साळू गेली. अजून कुणाला सांगितलं न्हाई. पोलीस पाटलाला कळवायच्या आत तार काढ."

मामी मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाला टेकवलेल्या. डोळे मामांनीच मिटलेले. उजव्या हाताची बोटं आतल्या बाजूनं काळी. पाइपाशी पितळी कळशी आडवी पडली होती, पोचा आलेली, आणि भोवतीचा चिखल अजून ओला होता. आरती गेली म्हणून पाणी घालायला त्या गेल्या होत्या. प्लास्टिकचा मग सापडला नसेल. चप्पल त्या घरात कधीच घालत नव्हत्या. आत शेगडी चालू होती. ती मीच बंद केली.

मी तार काढली. मीटरमधलं होतं तसं केलं. पाइप खडकात रुतून बसलेला, हलेना. मग करवतीनं जमिनीलगत कापला, माती लोटली, वर शेणाचं घमेलं पालथं घातलं. मामा म्हणाले, "शेगडीचं कायतरी दाखवायला लागंल." शेगडीच्या वायरचं रबर मीच ब्लेडनं खरवडलं. तांबं दिसेपर्यंत.

मग आम्ही दोघांनी मामींना उचलून स्वयंपाकघरात शेगडीपाशी ठेवलं. काचेच्या कौलांतलं ऊन त्यांच्या तोंडावर पडत होतं. मामांनी टॉवेलनं ते झाकायचा प्रयत्न केला.

पोलीस आणि वीज मंडळाचे साहेब दुपारी आले. शेगडी बघितली, वायर बघितली, मीटर बघितलं. चकती फिरत होती. लिहून घेतलं, सही घेतली. एकानं विचारलं, "आर्थिंग नाही का घराला?"

मामा म्हणाले, "कोण करून देतो साहेब, आमच्यासारख्याला."

आरती एकच्या गाडीनं आली. रस्त्यावर माणसं बघून ती आधी हसली. तिला वाटलं पाहुणे आलेत.

२४ मे

स्टँडवर कुंडलिक भेटला. मी मारायच्या तयारीनंच गेलो होतो. त्यानं नुसतं विचारलं, "किती फूट गेला व्हतास?"

"साडेतीन."

"येवढ्या उथळात वीज जमिनीत मुरत न्हाई, पाइपात आन् भोवतीच्या मातीतच ऱ्हाती." मग म्हणाला, "धर्माजीची मी परवाच काढून आलो. बाकीच्या तीन घरांची आज काढतो. मला शिव्या घालत्यात." आणि पान्यांची पिशवी घेऊन गाडीत चढला. मला त्याला मारता आलं नाही.

२८ मे

दहावा. कुकडीच्या काठावर. पिंडाला कावळा शिवेना. लोक एकेक करून पुढं जाऊन मामींना काय काय कबूल करत होते. म्हशीला नीट सांभाळू, आरतीचं चांगलं करू. मामा पुढं गेले आणि नुसते हात जोडून उभे राहिले. शेवटी दर्भाचा कावळा केला.

नंतर आरती माझ्याजवळ आली. डोळे कोरडे होते. म्हणाली, "भरतभाऊ, आई शेगडीजवळ पडली नव्हती. कळशी मागं सापडली मला, पोचा आलेली."

मी नदीकडं बघत राहिलो.

"त्या दिवशी मी सहाला पाणी घातलं नाही. गाडी चुकंल म्हणून गेले. आईला म्हटलं, तू घाल. तिला कामात उशीर झाला असंल, तोवर कोरडं पडलं असंल. तुमी सांगितलं व्हतं, एक दिवस चुकलं तरी कुणाला तरी करंट बसंल. म्हणूनच झालं ना?"

तोंडात आलं होतं. नाही, असा एकच शब्द होता. पण त्याच्यामागून बाकीचं सगळं बाहेर आलं असतं. पाइप, चकती, ब्लेड. आणि सहाची वेळ, ती मी कशासाठी ठेवली होती ते.

मी म्हटलं, "आता कशाला तो विषय."

तिनं मान हलवली. तिला उत्तर मिळालं.

६ जून

ठरवलंय, उद्या सांगायचं.

७ जून

गेलो होतो. ती म्हशीची धार काढत होती. दूध परत पहिल्यासारखं झालंय म्हणाली, आई गेल्यावर झालं, जनावराला पण कळतं. मी सांगितलं नाही.

१५ जून

बिल आलं. मार्चपासून मेपर्यंतचं, नव्वद रुपये. मामांनी खिशातून नोटा काढून माझ्या हातात कोंबल्या. "तुझा चौथा हिस्सा. मार्चचा बी ऱ्हायला व्हता." मी नको म्हटलं. ते म्हणाले, "घे. घेतलास म्हंजी मला झोप लागंल." मी घेतले. घरी येऊन दादांच्या कोटात टाकले. त्यांना वाटलं माझा धंदा चाललाय, म्हणून त्यांनी पहिल्यांदाच माझ्या पाठीवर हात ठेवला.

२१ जून

ओतूरच्या मास्तरांकडून निरोप आला होता. घरात मयत झालं की लग्न एक तर वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षांनी. ते लोक म्हणाले, वर्षाच्या आत उरकू. आरतीनं नकार दिला. मामांनी कारण विचारलं तर बोलली नाही. मला आनंद झाला. आनंद झाला हे लिहायची लाज वाटते, पण झाला.

२ जुलै

मामा आमच्या घरी आले. दादांच्या शेजारी सतरंजीवर बसले. चहा झाल्यावर म्हणाले, "सावळेराम, तुमचा पोरगा मला पायजे."

दादा म्हणाले, "शिक्षण अर्धवट हाय त्याचं. डोकं गरम हाय."

"आसू द्या. भरवशाचा हाय. म्या पाह्यलाय." बोलताना माझ्याकडं बघत नव्हते. "पोरगी बी त्याचंच नाव घेती. वर्षाच्या आत करायचंय. दिवाळी झाली की."

दादांचे डोळे भरून आले. आई आत जाऊन साखर घेऊन आली.

मामा निघताना मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो. म्हणाले, "घरातलं घरात ऱ्हातंय." मग सायकलवर बसले.

५ जुलै

आज मळ्यावर बोलावलं होतं. मामा मुद्दाम बाजारला गेलेले. आरती मागच्या दारात बसली होती. पाइप साहेबांनी काढायला लावला असं मामांनी तिला सांगितलंय. घमेलं होतं तिथं तिनं तुळस लावलीय, आणि रोज सहाला पाणी घालते. मला म्हणाली, आता चुकवत नाही.

मी विचारलं, "मास्तरला नाय का म्हणालीस?"

हा प्रश्न मी रस्ताभर घोकत आलो होतो. तिच्या तोंडून एक गोष्ट ऐकायची होती मला. दोन वर्षांपासून ऐकायची होती.

ती म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात गेले तर कधीतरी सांगायला लागंल, आई कशी गेली. ते विचारतील, तू कुठं व्हतीस. मला नाय सांगता यायचं." भाऊ म्हणायचं ती आता टाळते. "तुमाला सगळं ठाऊक हाय. तुमाला सांगायला लागायचं नाय."

पाऊस येईल असं वाटत होतं. तुळशीभोवतीची माती अजून वर आलेली होती. त्याखाली करवतीनं कापलेलं पाइपाचं तोंड असणार. मी किती खोल कापलं होतं ते मला आठवेना.

"आन् तुमी मला एकदा पण बोलला नाय," ती म्हणाली. "आप्पा बोलत नायत, पण माझ्याकडं बघत पण नायत. तुमी येताय, बसताय. दुसऱ्या कुणी गावभर केलं असतं."

तिनं माझा हात धरला. पहिल्यांदाच. मीटरपुढं उभे होतो तेव्हासुद्धा आमचे हात लागले नव्हते. तिचा हात गार होता आणि तिनं घट्ट धरला होता. मला तो सोडवून घ्यायचा होता आणि सोडवायचा नव्हता.

"मनापासून सांगा," ती म्हणाली. "माझ्यावर राग नाय ना तुमचा? आईच्या बाबतीत?"

मी म्हटलं, "आरती, मी तुला एक क्षणभरसुद्धा दोष दिलेला नाही."

ती रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ रडली आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

एवढ्या सगळ्यात मी तिच्याशी खरं बोललो ते एवढं एकच वाक्य.